जुन्या मोटारीची पारख आणि सदोष वाहने परत मागविण्याची तरतूद : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटार ही वस्तू आपल्याकडे प्रथम श्रीमंतांची हौस म्हणून आली, पुढे मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेची खूण झाली आणि गेल्या तीन-चार दशकांत सर्वसामान्य कुटुंबाच्या गरजेची बाब बनली. या प्रवासाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा नव्या मोटारींच्या कारखान्यांकडे, परवाना पद्धतीकडे आणि उदारीकरणाकडे गेले आहे. परंतु ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रात असंख्य कुटुंबांच्या दारात उभी राहिलेली पहिली मोटार ही नवी नसते. ती कोणीतरी आधी वापरलेली, म्हणजेच लोकांच्या भाषेत 'सेकंड हॅन्ड' असते. ही खरेदी कशी होते, खरेदीदार गाडीची पारख कशी करतो आणि गाडीत दडलेल्या दोषाची जबाबदारी अखेर कोणावर येते, हे प्रश्न आर्थिक व कायदेशीर आहेत तसेच ते सामाजिक इतिहासाचेही आहेत.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर हा औद्योगिक पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मुंबईसारखे जुन्या गाड्यांचे मोठे उगमस्थान दक्षिणेला, गुजरात आणि दादरा-नगर हवेली व दमण यांची हद्द उत्तरेला, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला राष्ट्रीय महामार्ग अशा चौकटीत हा परिसर वसलेला आहे. येथील कामगाराने, छोट्या व्यावसायिकाने किंवा प्रवासी वाहतुकीवर पोट भरणाऱ्या तरुणाने घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली, तर त्याची कित्येक वर्षांची बचत एका व्यवहारात बुडते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून प्रस्तुत लेखात जुन्या मोटारीच्या पडताळणीची परंपरा आणि सदोष वाहने उत्पादकाने परत मागविण्याची, म्हणजे 'रिकॉल'ची पद्धत, या दोन्हींचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. स्वातंत्र्योत्तर काळात वापरलेल्या मोटारींच्या व्यवहाराचे बदलते स्वरूप अभ्यासणे.
२. भारतातील रिकॉल पद्धतीचा उगम व विकास यांचा मागोवा घेणे.
३. पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील भौगोलिक व सीमावर्ती परिस्थितीचा या व्यवहारावर होणारा परिणाम तपासणे.
४. विद्यमान कायदेशीर तरतुदींच्या आधारे खरेदीपूर्व पडताळणीची क्रमवारी मांडणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मोटार वाहन कायदे, त्याखालील नियम, न्यायालयीन निर्णय आणि उत्पादकांनी वेळोवेळी जाहीर केलेल्या रिकॉलच्या घोषणा ही या अभ्यासाची प्रमुख साधने होत. लेखाची व्याप्ती चारचाकी प्रवासी वाहनांपुरती मर्यादित ठेवली आहे.

परिसराची पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड या आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी अनेक दशके या भागातील दळणवळणाचा कणा म्हणजे पश्चिम रेल्वे आणि एस. टी. बस हाच होता. तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र होय. त्यापाठोपाठ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक, वस्त्रोद्योग व पोलाद क्षेत्रातील कारखाने उभे राहिले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार, तंत्रज्ञ व व्यापारी येथे स्थायिक झाले आणि बोईसर हे रेल्वे स्थानकाभोवतीचे गाव पाहता पाहता शहर बनले.

औद्योगिकीकरणाबरोबर वाहनांची गरज वाढणे स्वाभाविक होते. बोईसर ते चिल्हार फाटा आणि पालघर ते मनोर हे रस्ते या परिसराला राष्ट्रीय महामार्गाशी जोडतात. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली. तथापि स्थानकापासून कारखान्यापर्यंत, पाड्यापासून बाजारापर्यंत आणि रात्रपाळी संपल्यावर घरापर्यंतचा प्रवास रेल्वे भागवू शकत नाही. तो रिक्षा, व्हॅन, जीप व खाजगी मोटारी भागवितात. यांतील बराच भाग जुन्या वाहनांचा असतो. गाडीच्या क्रमांकावरील 'एमएच-०४' ही ठाण्याची व 'एमएच-४८' ही वसईची खूण येथे नेहमीची असली, तरी मुंबईच्या तसेच गुजरात, दमण व सिल्वासा येथील पासिंगच्या गाड्याही रस्त्यावर सर्रास दिसतात. या क्रमांकांमध्येच येथील जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचा इतिहास दडलेला आहे.

टंचाईचा काळ : मिस्त्रीचा कान हाच पुरावा

भारतात मोटार वाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये आणि त्याची जागा घेणारा अधिक व्यापक कायदा १९३९ मध्ये झाला. १९३९ च्या कायद्यातील कलम ३१ मध्ये मालकी बदलल्यास नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविण्याची तरतूद होती. म्हणजे जुन्या गाडीच्या व्यवहाराची दखल कायद्याने आरंभीच घेतली होती. परंतु ती दखल मालक कोण एवढ्यापुरतीच होती. गाडी कशी आहे, हा प्रश्न कायद्याने खरेदीदारावरच सोपविला होता. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ चे मूळ तत्त्वही तेच आहे. काही अपवाद वगळता विकलेल्या वस्तूच्या गुणवत्तेची गर्भित हमी विक्रेता देत नाही. ग्राहकानेच सावध राहावे, असे ते तत्त्व सांगते.

स्वातंत्र्यानंतर परवाना पद्धतीमुळे मोटारींचे उत्पादन मोजक्या कारखान्यांपुरते सीमित राहिले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारी बाहेर पडत. मागणीच्या मानाने पुरवठा इतका तुटपुंजा होता की, मोटारींचे वितरण व किंमत यांवर शासनाचे नियंत्रण आले आणि नोंदणी करून ग्राहकास कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. मोटारींच्या किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मोटारींच्या दर्जाविषयीही तक्रारी होत्या. ज्या बाजारात नवी गाडी मिळणेच दुर्लभ, त्या बाजारात जुन्या गाडीला नवीपेक्षा अधिक भाव येणे ओघानेच आले. अशा परिस्थितीत गाडीतील दोष दाखवून ती नाकारण्याची ताकद खरेदीदाराकडे फारशी नव्हती.

या काळात गाडीची पारख मिस्त्री करीत असे. ओळखीच्या गॅरेजमधील मिस्त्रीला सोबत घेऊन जावे, त्याने इंजिन थंड असताना चालू करून आवाज ऐकावा, धुराचा रंग पाहावा, ऑइलची काडी काढून बोटावर चोळावी, पत्रा कुठे कुजला आहे हे चिमट्याने ठोकून पाहावे आणि मग 'घ्या' किंवा 'नको' एवढेच सांगावे, अशी ही पद्धत होती. निळसर धूर म्हणजे रिंगा गेल्या, पांढरा धूर म्हणजे पाणी आत शिरते, ही अनुभवसिद्ध लक्षणे होत. या ज्ञानाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. त्या मोटारींची रचना संपूर्णतः यांत्रिक होती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, गिअर पेटी यांतील दोष डोळ्याला दिसत, कानाला ऐकू येत आणि हाताला जाणवत. त्यामुळे अनुभवी मिस्त्रीचा शब्द हा त्या काळी सर्वांत विश्वसनीय पुरावा होता. मात्र पुढील काळात मोटार बदलली आणि या पुराव्याची मर्यादा स्पष्ट झाली.

१९८३ ते २०१२ : बाजार वाढला, माहिती मागे राहिली

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात येऊन राज्यनिहाय क्रमांकांची आजची पद्धती सुरू झाली. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने विदेशी कंपन्यांच्या मोटारी आल्या. नवी गाडी सहज मिळू लागल्याने जुनी विकून नवी घेणाऱ्यांची संख्या वाढली. मुंबई-ठाण्यातील अशा गाड्यांना पालघर, बोईसर, डहाणू येथे ग्राहक मिळू लागले. २००१ पासून उत्पादक कंपन्यांनीही वापरलेल्या गाड्यांच्या विक्रीची दालने उघडली. तरीही लहान शहरांत दलाल, गॅरेजवाले व ओळखीचे लोक यांच्यामार्फत होणारे व्यवहार चालूच राहिले.

या बाजाराचे मर्म अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच एका निबंधात उलगडले होते. वापरलेल्या मोटारीविषयी विक्रेत्याला जेवढे ठाऊक असते तेवढे खरेदीदाराला नसते. त्यामुळे खरेदीदार सर्वच गाड्यांना सावधपणे कमी भाव देतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक बाजारातून दूर राहतो आणि वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. अमेरिकी बोलीत सदोष मोटारीला 'लिंबू' म्हणतात, त्यावरूनच या निबंधाला नाव पडले. या व तत्सम विवेचनासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बोईसरच्या रस्त्यावरील खरेदीदाराची अडचण नेमकी हीच आहे. त्याच्याजवळ पैसा कमी आहे, त्याहीपेक्षा माहिती कमी आहे.

माहितीच्या या उणिवेचे एक ठळक उदाहरण २६ जुलै २००५ च्या महापुराने पुढे आणले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरातील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, गालिचे बदलून व रंग देऊन नव्यासारखी दिसू शकते. परंतु तारांचे जोड, संगणकीय नियंत्रक व एअरबॅगची यंत्रणा यांत शिरलेला ओलावा पुढे कित्येक महिन्यांनी त्रास देतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भाग जलमय झाला, तेव्हाही हाच धोका पुन्हा निर्माण झाला.

रिकॉल : दोषाच्या जबाबदारीचा नवा विचार

मिस्त्रीला न दिसणारे दोष कोणी सांगावेत? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. राल्फ नाडर यांचे मोटारींच्या असुरक्षित रचनेवर टीका करणारे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये तेथील संसदेने वाहन सुरक्षेचा कायदा केला. रचनेतील किंवा निर्मितीतील दोष आढळल्यास उत्पादकाने तो मालकांना कळविला पाहिजे, हा विचार तेथून रुजला.

भारतात ग्राहक चळवळ १९६० व १९७० च्या दशकांत आकाराला आली. मुंबईत १९६६ मध्ये कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. परंतु मोटारींचे रिकॉल दीर्घकाळ उत्पादकांच्या इच्छेवर अवलंबून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने ए-स्टार या मोटारीच्या सुमारे १ लाख गाड्या इंधन पंपाशी संबंधित दोषासाठी परत मागविल्या, तेव्हा या शब्दाची सर्वसामान्यांना ओळख झाली. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतरच्या घोषणा लक्षणीय आहेत. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने टवेरा या गाडीच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या उत्सर्जनाच्या निकषांबाबत परत मागविल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये फोर्डने फिगो व क्लासिक यांच्या सुमारे १ लाख ६६ हजार गाड्या मागील निलंबन व पॉवर स्टिअरिंगच्या नळीसाठी मागविल्या. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने उत्सर्जन प्रकरणी ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या मागविण्याचे जाहीर केले. या प्रकरणात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, म्हणजे 'एआरएआय'ने केलेली तपासणी महत्त्वाची ठरली. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या सिआझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस व एक्सएल-६ यांच्या सुमारे १ लाख ८१ हजार पेट्रोल गाड्या एका विद्युत घटकाच्या तपासणीसाठी मागविल्या.

या यादीतील टवेरा व अर्टिगा ही नावे प्रवासी वाहतुकीत नेहमी दिसणारी आहेत, तर फिगोसारखी गाडी जुन्या बाजारात कमी किमतीत मिळते. यांपैकी जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे रिकॉलचे काम झाले की नाही, हे विचारण्यासाठी जवळचे सेवा केंद्र शोधणे हीच आता एक पायरी झाली आहे.

सक्तीच्या रिकॉलची तरतूद २०१९ च्या सुधारणा कायद्याने आली. नव्या कलम ११०-अ नुसार पर्यावरणास अथवा चालक, प्रवासी वा रस्त्यावरील इतरांस अपाय होऊ शकेल असा दोष असल्यास केंद्र शासन वाहने परत मागविण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने किंमत परत करावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी, अशी ही तरतूद आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १२७-सी हा नियम घालण्यात येऊन तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. मात्र या नियमाची व्याप्ती ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरतीच आहे. बोईसर-तारापूरसारख्या भागात सामान्य खरेदीदाराच्या ऐपतीत बसणारी गाडी बहुधा त्याहून जुनी असते. जो सर्वाधिक जुनी गाडी घेतो, त्याला कायद्याचे संरक्षण सर्वांत कमी मिळते, ही विसंगती येथे नोंदविणे आवश्यक वाटते.

दमट किनारपट्टी आणि एअरबॅगचे प्रकरण

या विसंगतीचे गांभीर्य टकाटा एअरबॅगच्या प्रकरणातून कळते. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग फुगविणाऱ्या यंत्रणेत अमोनियम नायट्रेट वापरले जात असे. दीर्घकाळ उष्णता व आर्द्रता यांच्या संपर्कात आल्यास त्याचा दर्जा खालावतो आणि अपघातसमयी धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे प्रवाशांवर आदळू शकतात. जगभरातून कोट्यवधी गाड्या यासाठी परत मागविण्यात आल्या. भारतात होंडाने २०१५ मध्ये सव्वादोन लाखांच्या घरात, २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार आणि २०१७ मध्ये सुमारे ४१ हजार गाड्या या कारणासाठी मागविल्या. सिटी, सिव्हिक, जॅझ, अकॉर्ड, सीआर-व्ही यांच्या साधारणतः २००३ ते २०१२ या काळातील गाड्यांचा त्यांत समावेश होता.

हा दोष गाडीचे वय वाढेल तसा अधिक धोकादायक होतो, आणि उष्ण-दमट हवेत तो लवकर बळावतो. पालघरची किनारपट्टी वर्षातील बराच काळ उष्ण व दमट असते. मुंबईतून आलेली अशी एखादी जुनी गाडी दिसायला देखणी, चालवायला हलकी आणि मिस्त्रीच्या तपासणीत निर्दोष ठरू शकते. कारण इंजिनाचा आवाज ऐकून एअरबॅगमधील रसायनाची अवस्था कळत नाही. ती कळविण्याची जबाबदारी उत्पादकाची, आणि ती विचारण्याची जबाबदारी खरेदीदाराची. म्हणूनच मिस्त्रीच्या पारखीला कागदाच्या पारखीची जोड अपरिहार्य झाली आहे.

याच परिसरातील खाऱ्या वाऱ्याचा व पावसाचा परिणाम पत्र्यावर होतो. चाकांवरील कमानी, दारांचा खालचा भाग, चासी व इंधन टाकीचे पट्टे येथे गंज आधी धरतात. नवा रंग हे येथे नेहमीच गुणाचे लक्षण नसते.

सीमावर्ती व्यवहार आणि तुटलेली साखळी

दादरा-नगर हवेली व दमण येथे वाहन कर महाराष्ट्राच्या तुलनेने कमी राहिल्याने तेथील पासिंगच्या गाड्या तलासरी-डहाणू भागात पूर्वीपासून दिसतात. हे दोन्ही केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एकत्र झाले. कायद्याच्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील क्रमांक घ्यावा लागतो; त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र व स्थानिक कर यांची पूर्तता आवश्यक असते. आच्छाड नाक्याच्या पलीकडून स्वस्तात मिळालेली गाडी हा खर्च धरता स्वस्त राहतेच असे नाही. दिल्ली परिसरात २०१५ च्या हरित लवादाच्या व २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हा तेथील गाड्यांनाही इतर राज्यांची वाट खुली झाली. अशा गाड्यांबाबत हीच काळजी घ्यावी लागते.

याहून गंभीर बाब म्हणजे कोऱ्या सह्यांचे व्यवहार. मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० लागतात. लोक त्यांना 'टीटीओ फॉर्म' म्हणतात. मूळ मालकाच्या सह्या घेऊन हे नमुने कोरेच ठेवायचे, गाडी दुसऱ्या-तिसऱ्याच्या हाती जायची आणि आरसी बुकावर मात्र पहिल्याचेच नाव राहायचे, हा प्रकार सर्वत्र परिचित आहे. कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहार १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळविणे बंधनकारक आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकासच अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार धरले, जरी त्याने गाडी केव्हाच विकली होती व ती अनेकांच्या हातून फिरली होती. विम्याबाबत १९९६ च्या कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर जात असला तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जात नाही.

या तुटलेल्या साखळीचा रिकॉलशी थेट संबंध आहे, आणि तो क्वचितच लक्षात घेतला जातो. उत्पादक रिकॉलची सूचना आपल्या दप्तरातील किंवा नोंदणीतील मालकाच्या पत्त्यावर पाठवितो. आरसी बुकावर पाच वर्षांपूर्वीचा मुंबईचा मालक असेल, तर सूचना मुंबईलाच जाते. बोईसरमध्ये रोज ती गाडी चालविणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. नाव न बदलण्यात वाचविलेले काही हजार रुपये अशा रीतीने सुरक्षिततेच्या मोबदल्यात वाचविलेले असतात.

१ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या वाहनांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकृतता घेणे आवश्यक झाले असून, मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या स्वाधीन केल्यावर तसे कळविण्याची व पुढील जबाबदारी विक्रेत्यावर टाकण्याची सोय झाली आहे. या नियमांची अंमलबजावणी तालुक्याच्या गावातील लहान दलालापर्यंत पोहोचली, तर ही साखळी पुन्हा जोडली जाऊ शकेल.

खरेदीपूर्व पडताळणीची क्रमवारी

वरील विवेचनावरून बयाणा देण्यापूर्वीची पडताळणी पुढील क्रमाने करणे श्रेयस्कर ठरते.

१. आरसी बुकावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावेत. अक्षरे खोडलेली वा पुन्हा ठोकलेली वाटल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.
२. शासनाच्या 'वाहन' प्रणालीवर किंवा 'एमपरिवहन' ॲपवर मालकाचा क्रम, नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा व थकीत दंड तपासावा. बोजा असल्यास नमुना ३५ व वित्तसंस्थेचे पत्र मागावे.
३. चासी क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात देऊन रिकॉल लागू होता काय व काम पूर्ण झाले काय, हे विचारावे. हे काम सामान्यतः विनामूल्य होते. उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.
४. त्याच केंद्रात सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात. नोंदीतील किलोमीटर व मीटरवरील आकडा यांत तफावत असल्यास मीटर मागे केले असण्याची शक्यता असते. पायदान, स्टिअरिंग व आसन यांची झीज हा त्याचा दुसरा पुरावा होय.
५. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास मागावा. मोठा अपघात वा पूर यांची खूण तेथे सापडते. आसनांखालील पट्ट्या व जोड यांवरील गंज, चिखल आणि कुबट वासही पाहावा.
६. यानंतरच मिस्त्रीला बोलावून थंड इंजिनावर चाचणी घ्यावी व गाडी चढावर, खड्ड्यांतून व महामार्गावर चालवून पाहावी.
७. व्यवहार होताच नाव, पत्ता व विमा बदलून घ्यावा आणि नवा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक उत्पादकाच्या सेवा केंद्रातही नोंदवावा.

१८७२ च्या करार कायद्यानुसार विक्रेत्याच्या मौनामुळे फसगत झाली तरी, सामान्य दक्षतेने सत्य कळण्याजोगे होते असे ठरल्यास खरेदीदाराला करार रद्द करता येत नाही. म्हणून वरील पडताळणीला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आहे.

निष्कर्ष

१. टंचाईच्या काळात जुन्या मोटारीची पारख व्यक्तिगत विश्वास व यांत्रिक अनुभव यांवर आधारलेली होती. मोटारीतील विद्युत व रासायनिक घटक वाढल्यानंतर ती अपुरी ठरली.
२. भारतात रिकॉलचा विकास उत्पादकाच्या इच्छेपासून २०१२ च्या आचारसंहितेमार्गे २०१९ व २०२१ च्या कायदेशीर सक्तीपर्यंत झाला आहे.
३. ७ वर्षांच्या मर्यादेमुळे जुन्या गाड्यांचे खरेदीदार या सक्तीच्या कक्षेबाहेर राहतात.
४. पालघर परिसरात आंतरराज्य व्यवहार व अपूर्ण हस्तांतर यांमुळे रिकॉलची सूचना प्रत्यक्ष वापरकर्त्यापर्यंत न पोहोचण्याचा धोका अधिक आहे, तर दमट हवामानामुळे काही दोषांची तीव्रता वाढते.
५. मालकी हस्तांतराच्या वेळीच नोंदणी कार्यालयाने प्रलंबित रिकॉलची माहिती खरेदीदारास देण्याची पद्धत सुरू झाल्यास या प्रश्नाचा मोठा भाग सुटू शकेल.

समारोप

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाटपासून आजच्या संगणकीय मोटारीपर्यंतच्या प्रवासात खरेदीदाराचे पर्याय वाढले; परंतु माहितीच्या बाबतीत त्याचे परावलंबित्वही वाढले. बोईसरच्या कामगाराने घेतलेली गाडी मुलांना शाळेत नेते, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवते आणि काही घरांत चूलही पेटवते. तिच्यातील दोषाची किंमत त्या घराने मोजू नये, यासाठी उत्पादक, शासन व विक्रेता यांनी आपापली जबाबदारी पार पाडली पाहिजे. ते घडेपर्यंत चासी क्रमांक हातात घेऊन प्रश्न विचारणारा जागरूक खरेदीदार हाच या साखळीतील सर्वांत भक्कम दुवा होय.